ओटीवरचा गणपती

रोह्यातलं आमचं घर विकून आता काही वर्षं झाली. तरी गावात कुणी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तर मला "मिठवाल्यांच्या घरातली" असंच सांगावं लागतं. आम्ही मिठवाले नाही. माझे वडील धाटावला कंपनीत फिटर होते, आईचं माहेर गडबचं, भातशेतीचं. मिठाशी आमचा संबंध आमटीपुरता. पण घराला पहिल्या धन्याचं नाव चिकटलं की पुढच्यांनी कितीही वेळा चुना मारला तरी ते निघत नाही.

ज्यानं बांधलं तो मिठाचा व्यापारी होता. इंग्रज जायच्या आधीचं घर, सागवानी खांब, वर माळा. चळवळीच्या दिवसांत त्या माळ्यावर भूमिगत लोक लपले होते, असं सगळी आळी छातीठोक सांगायची. मी लहान असताना लपलेले तिघं होते, कॉलेजात जाईपर्यंत ते अकरा झाले. त्या माळ्यावर आम्ही भाताची सहा पोती ठेवायचो आणि सातवं ठेवायला वडिलांना गुडघ्यावर बसावं लागायचं. अकरा माणसं तिथं काय करत होती, एकमेकांच्या मांडीवर बसत होती का, असं मी एकदा शाळेत विचारलं आणि बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं. माझी जीभ तेव्हापासूनच अशी.

स्वातंत्र्यानंतर मिठवाल्याची मुलं मुंबईला गेली आणि त्यानं घर भाताच्या गिरणीवाल्याला विकलं. विकताना एक शब्द घेतला. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीत एक मोठा कोनाडा होता, गणपती बसवायला मुद्दाम ठेवलेला. "मी आहे तोवर माझा गणपती त्याच कोनाड्यात बसेल. माझ्या माघारी तुमचा बसवा." गिरणीवाल्यानं मान डोलावली. मग मिठवाला दर चतुर्थीला मुंबईहून यायचा, त्याचा गणपती आत बसायचा, आणि घराच्या नव्या धन्याचा गणपती बाहेर ओटीवर. मिठवाला बराच जगला.

पुढे धाटावला कारखाने आले, गिरणीवाले काका मुलाकडे पेणला राहायला निघाले, आणि वडिलांनी ते घर घेतलं. काकांनी तोच शब्द मागितला. "आम्हा दोघांतलं एक असेस्तोवर कोनाडा आमचा." वडिलांनी तो दिला. आईला विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं, तेही जेवताना, आमटी वाढून घेताना.

आई म्हणाली, "म्हणजे घर आपलं आणि देव त्यांचा?"

"देव कुणाचा असतो का?" वडील म्हणाले.

"मग त्यांचा बसवा ओटीवर."

असल्या वेळी वडील पहिल्या शिफ्टला निघून जायचे, मग शिफ्ट असो वा नसो.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. त्या दीड दिवसात आईचा पाय एका जागी ठरायचा नाही. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, परत ओटीवर. ओटीवर आमचा गणपती एका टेबलावर बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला त्याच्यासमोरच निघायच्या. आत काकांचा, मखरात, समया लावलेल्या, आळीतली माणसं आधी आत जाऊन हात जोडायची आणि बाहेर येताना आमच्याकडे वळायची. काकी स्वयंपाकघरात सराईतपणे शिरायची आणि म्हणायची, "मिरचीचा डबा हिथं नसायचा गो, मी त्या फळीवर ठेवायची." आणि ठेवायचीच. ती लोकं गेली की आईचं पहिलं काम डबे परत जागेवर लावायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यांच्या आवाजानं मला जाग यायची.

विसर्जन कुंडलिका नदीवर. आधी त्यांचा, मग आमचा. त्यांची मूर्ती पाण्यात जाताना सगळे ओरडायचे, "पुढच्या वर्षी लवकर या!" आईचे ओठ मिटलेले असायचे. मी एकदा खालून तिच्या तोंडाकडे बघत ओरडत होते म्हणून मला ते दिसलं. मग दरवर्षी बघायला लागले. आमच्या गणपतीला मात्र ती घसा बसेपर्यंत ओरडायची.

एका वर्षी, मी दहा-अकरा वर्षांची असेन, तिला डबे लावायला मदत करता करता मी विचारलं, "आई, ती दोघं कधी मरणार गो?"

खाडकन थोबाडीत बसली. डबा हातातून सुटला, हळद सांडली. मी रडायच्या आधी आईच रडायला लागली, आणि हळद गोळा करत बसली. मला वाटलं, मी फार वाईट मुलगी आहे. आता कळतं, ती थोबाडीत मला नव्हती. कोनाड्याची वाट बघणं म्हणजे कशाची वाट बघणं, हे तिला माहीत होतं. ते मी मोठ्यानं बोलले, इतकंच.

पुढच्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुलाला गाडी घेऊन यायला सवड नव्हती. काका-काकी आदल्या दिवशी एसटीनं येऊन राहिले आणि पेणच्या कारखान्यातून दोन्ही मूर्ती आणायचं काम वडिलांवर आलं. कारखाना म्हणजे आमच्याकडे गणपतीचाच. घरोघरचे पाट महिनाभर आधी तिथं जाऊन बसलेले असतात आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याची त्याची मूर्ती. काकांकडे पिढ्यान्‌पिढ्या लाल पितांबराचा, आमच्याकडे पिवळ्या. वडिलांनी मला मदतीला नेलं. येताना लाल माझ्या मांडीवर, पिवळा त्यांच्या. मूर्ती झाकून आणतात, म्हणून लालवर आख्खं लाल उपरणं पांघरलेलं, पिवळ्यावर पांढरं, म्हणजे चूक नको. दोन्ही पाट त्याच कारखान्यात नवे रंगवलेले, सारखेच दिसणारे.

कंडक्टर म्हणाला, "दोन माणसं, दोन देव. चार काढू का?"

गडबला मामा थांब्यावर उभा होता. त्यानं खिडकीतून दूर्वांची जुडी आणि केळीची पानं आत सारली आणि गाडीबरोबर धावत म्हणाला, "ताईला सांग, औंदा तरी आत बसव!" वडील दुसरीकडे बघायला लागले. रोह्यापर्यंत मी श्वासही बेतानं घेतला. खड्डा आला की मी पाटाला असं कवटाळायची की माझ्या पोटावर पाटाची कड उमटली होती. मूर्ती फुटली असती तर मी त्या रस्त्यावरच कुठंतरी उतरून पळून गेले असते.

चतुर्थीला सकाळी मी परसातून जास्वंदी घेऊन आले तेव्हा दोन्ही मूर्ती ओटीवर होत्या आणि आई त्यांच्याजवळ वाकलेली होती. तिच्या एका हातात लाल उपरणं होतं आणि एका हातात पांढरं. मला वाटलं, धूळ झटकते आहे. तिनं पिवळ्या पितांबरावर लाल घातलं आणि लाल पितांबरावर पांढरं. मी बघत उभी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फुलं पाण्यात घाल गो, सुकतील."

मी गेले. पाण्यात फुलं घालताना मला सगळं कळलं आणि मी बोलले नाही. ह्या गोष्टीत मीही आहे, हे लिहिलंच पाहिजे.

भटजींना त्या दिवशी आणखी किती घरं करायची होती देव जाणे, ते आले ते घाईतच. वडील बाहेर मांडव बांधत होते. काकी आत मोदकांना उकड काढत होती. काकांनी चाचपत लाल उपरण्याचा पाट उचलला, आईनं दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि तो कोनाड्यात गेला. उपरणं निघालं, भटजींनी डोळेसुद्धा वर न करता मंत्र म्हटले, प्राणप्रतिष्ठा झाली. काकी मोदकांचं ताट घेऊन आली. दारात थांबली. तिनं कोनाड्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, मग पदरानं ताट झाकलं.

"छान दिसतो हो," एवढंच म्हणाली.

ओटीवर पांढरं उपरणं काढलं तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं. "भटजी, घोटाळा झाला! मूर्ती बदलल्या."

"आता हलवायच्या नाय," भटजी पळीपंचपात्र आवरत म्हणाले. "उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाय. देव एकच हो," आणि गेले पुढच्या घरी.

काका हसले. "आमच्या गणपतीला तेवढीच बाहेरची हवा!" वडिलांनी त्यांचे पाय धरले. "माझ्याच हातून झालं. गडबडीत उपरणी उलटी घातली असतील." सबंध दिवस ते अपराध्यासारखे वावरले. आईनं त्यांना तसं वावरू दिलं. मला आजही तिचा त्याबद्दल राग येतो. बाकी सगळं मी माफ केलंय, तेवढं नाही.

आणि मिळालं काय? आमचा गणपती आत, पण त्याची पूजा काका करतात. त्यांचा बाहेर, त्याची पूजा वडील करतात. आईला कळेना आता कुणासमोर बसायचं. ती आत जायची, दोन मिनिटं टेकायची, काकांचे हात आमच्या मूर्तीवर अक्षता वाहताना बघायची आणि उठून ओटीवर यायची. ओटीवर तो लाल पितांबर तिच्याकडे बघत असायचा. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर आईनं दोन्ही वेळा तोंड उघडलं नाही.

काका त्यानंतर काही वर्षांनी गेले. काकी एकटीच यायला लागली. मूर्ती दरवर्षी लहान होत गेली, कारण ती मांडीवर घेऊन एसटीनं यायची. एका वर्षी आली ती नुसता पाट घेऊन. ओटीवर बसली, पाणी प्याली.

"औंदा आणला नाय गो. आता जमत नाय. तू तुझा आत बसव."

आई नारळ खवत होती. तिचा हात थांबला. काकी पुढं म्हणाली, "त्या वर्षी बसवलाच होतास की."

मी कॉलेजात होते तेव्हा. दाराच्या आडोशाला उभी होते.

"तुम्हाला माहीत होतं?" आईनं विचारलं.

"जन्मभर लाल पितांबर बघत आले. मला कळणार नाय व्हय?"

"मग बोललात का नाय?"

"काय बोलू? मिठवाला यायचा तेव्हा माझाबी ओटीवरच बसायचा. मला काय ठाव नाय, कसं वाटतं?"

आईनं तिला जेवायला वाढलं, काका गेलेले असूनही तिची ओटी भरली आणि एसटीपर्यंत सोडायला गेली. त्या वर्षी आमचा गणपती कोनाड्यात बसला. उपरणं न बदलता, चोरी न करता. आई समाधानानं बसेल असं मला वाटलं होतं. ती दर घटकेला उठून ओटीवर जाऊन रिकामं टेबल बघून येत होती. पुढची चतुर्थी यायच्या आत पेणहून निरोप आला की काकी गेली. आई म्हणाली, "जागा सोडली आणि गेली." ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

माझं लग्न पेणला झालं, तिथंच शाळेत नोकरी. वडील गेले. आई रोह्याला एकटी, परसात पाय घसरून पडली तेव्हा शेजारणीच्या नजरेस पडेपर्यंत दोन तास तशीच होती. मी तिला पेणला आणलं आणि घर विकायला काढलं. एकुलती मुलगी, निर्णय मीच घ्यायचा आणि शिव्याही मीच खायच्या.

घेणारा धाटावला कंपनीत ऑपरेटर. नदीकाठच्या वाडीतलं घराणं, त्याचे आईबाप पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, उन्हाळ्यात वीटभट्टीवर. गावात पक्कं घर घेणारा त्यांच्यातला तो पहिला. त्याच्या बायकोनं घर बघताना कोनाड्यासमोर उभं राहून विचारलं, "हिथं गणपती बसवायचात ना, ताई?" आणि कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मला तिचा चेहरा बघून माझी आई दिसली. मी ठरवून टाकलं, हिच्याकडून शब्द घ्यायचा नाही. ही साखळी आपल्याकडून तुटू दे. फार मोठं काहीतरी करते आहे असं मला वाटलं.

घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न तोच विचारला. "कोनाड्याचं बोललीस?"

"बोलले," मी म्हणाले. "हो म्हणाले ते."

मला वाटलं, विसरेल. पण आषाढ संपायच्या आत तिनं कारखान्यात पाट नेऊन ठेवला. श्रावणात वाती वळायला घेतल्या. मी रोज ठरवायची, आज सांगू. शाळेत फळ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि काय शिकवत होते ते विसरायची. सांगितलं तर ती काय म्हणेल, याची मला भीती नव्हती. ती "बरं" म्हणेल, याची होती. जागा सोडली आणि गेली, ते मी ऐकलं होतं.

शेवटी चतुर्थीला आठ दिवस असताना मी रोह्याची गाडी धरली. ऑपरेटर शिफ्टला गेलेला. त्याची बायको एकटीच होती, मखराला रंगीत कागद चिकटवत होती. माजघरातच. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मिठवाल्यापासून. ती कागद हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे आमचा ओटीवर?"

"हो."

"आधी सांगितलं असतंत तर..."

"घर घेतलं नसतंत का?"

"घेतलं असतं. पण मखर त्या मापाचं केलं असतं." मग तिनं विचारलं, "किती वर्षं?"

दहा-अकरा वर्षांची असताना मी हाच प्रश्न विचारला होता. तिनं फक्त चांगल्या शब्दांत विचारला. मला थोबाडीत मारता येत नव्हती, रडताही येत नव्हतं.

"आई आहे तोवर," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. "बरं," म्हणाली. "आणा त्यांना."

चतुर्थीला आई पिवळा पितांबर मांडीवर घेऊन रिक्षानं रोह्याला गेली, मी शेजारी. ओटीवर त्यांचा गणपती टेबलावर बसला होता. मखर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वीतवीत बाहेर आलेलं. आई त्याच्यासमोर थांबली, हात जोडले आणि आत गेली. स्वयंपाकघरात शिरून तिनं मिठाची बरणी उचलली, फळीवर ठेवणार तेवढ्यात माझ्याकडे बघितलं आणि होती तिथं ठेवली. दीड दिवस ती ओटी ते माजघर फेऱ्या मारत होती. आता ती आतली होती, तरी फेऱ्या त्याच. आणि मीही तिच्या मागून.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेवर आधी आमचा पाण्यात गेला. सगळे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!" मी ऑपरेटरच्या बायकोच्या तोंडाकडे बघत होते. न बघता मला राहवलं नाही. तिचे ओठ मिटलेले होते. मग त्यांचा गेला, तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत वर होता.

परतीच्या रिक्षात आई रिकामा पाट मांडीवर घेऊन बसली होती. त्या घराच्या आळीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "ती ओरडली नाय."

मला वाटलं, आता ही म्हणणार, पुढच्या वर्षी तिचा आत बसू दे.

"बरोबर हाय तिचं," आई म्हणाली. "मीबी कधी ओरडले नाय." मग पाट दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाली, "पण पुढच्या वर्षीबी येणार हाय मी. त्याच्या पुढच्याबी. सांगून ठेव तिला, मखर कोनाड्याच्या मापाचं करू नको म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

"मागच्यासारखं नको. खरंच सांग."

मी रिक्षा तिथंच थांबवली, उतरले आणि त्या घराकडे चालत निघाले.